लिंकनच्या विंगेतून सांगलीस पत्र

स्प्रिंगफील्ड, इलिनॉय
16 फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस व आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर तुम्ही विचारलेत की मी नोकरी करतो की नाटक, आणि मी आवाज नीट येत नसल्याचे निमित्त करून विषय टाळला. ते बरे झाले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नोकरी जागच्या जागी आहे. प्रकृती उत्तम आहे आणि डब्यात पोळीभाजीच असते, हे आईला सांगावे. शनिवार-रविवारी मात्र मी येथील एका निवृत्त शिक्षकांच्या प्रयोगाला प्रकाशयोजना व वेशभूषा सांभाळतो. ते अब्राहम लिंकनची भूमिका करतात. 12 फेब्रुवारी हा लिंकनचा जन्मदिवस, या राज्यात त्या दिवशी सरकारी सुटी असते, त्यामुळे हा महिना म्हणजे लिंकन करणाऱ्यांचा गणपतीचा हंगामच आहे. फोन कमी झाले ते एवढ्याचमुळे.

एकपात्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे एका उपरण्यावर पन्नास माणसे उभी करणारा नट येईल. येथे तसे नाही. येथे एक माणूस दीड तास एकच माणूस असतो, आणि ते अधिक अवघड आहे असे माझे मत झाले आहे. काळ धरला आहे 14 एप्रिल 1865 च्या दुपारचा. त्याच रात्री फोर्ड्‌स थिएटरात त्याला गोळी लागणार असते. रंगभूषेविषयी तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो की दाढी खरी आहे, क्रेप नाही. लिंकनला मिशी नव्हती, म्हणून गुरुजी ती प्रयोगाआधी काढतात आणि उजव्या गालावरचा मस तेवढा मी बसवतो. लिंकन सहा फूट चार इंच, गुरुजी सहालाही थोडे कमी; उरलेले काम उंच टोपी करते. लिंकनचा आवाज पातळ, काहीसा चिरका होता असे त्याला ऐकलेल्यांनी लिहून ठेवले आहे, पण प्रेक्षकांना पुतळ्याला शोभेल असा भारदस्त आवाज हवा असतो. त्यामुळे पहिली पाच मिनिटे कुजबुज होते. गुरुजी पट्टी बदलत नाहीत.

प्रयोगानंतर जे घडते ते मात्र मला अजून पुरते उमगलेले नाही. नट रंग उतरवत नाही, खुर्ची ओढून बसतो, आणि लोक त्याला प्रश्न विचारतात. नटाला नव्हे, लिंकनला. सत्तरीची माणसे उभी राहून ‘मिस्टर प्रेसिडेंट’ म्हणतात. त्यानेही त्या दुपारपर्यंतचेच ठाऊक असल्यासारखे बोलायचे असते. आजच्या राष्ट्राध्यक्षांविषयी कोणी छेडले, तर ते गृहस्थ आपल्या परिचयाचे नाहीत असे गुरुजी नम्रपणे सांगतात. एखादे पोर ‘आज नाटकाला जाऊ नका’ असे ओरडते, तेव्हा आपण पत्नीला शब्द दिला आहे असे उत्तर येते. आपल्याकडे रामाचे काम करणाऱ्याच्या लोक पाया पडत, पण त्याला वनवासाचा हिशेब कोणी विचारत नसे. येथे पाया कोणी पडत नाही, हिशेब मात्र विचारतात.

काल एका आजींनी विचारले की 1851 च्या जानेवारीत तुमचे वडील वारले, ते याच राज्यात राहत होते, मग तुम्ही अंत्यविधीला का गेला नाहीत? गोष्ट खरी आहे. वडील आजारी असताना लिंकनने सावत्रभावाला कळवले होते की पत्नी अंथरुणावर आहे आणि तसे नसते तरी कामामुळे घर सोडणे कठीणच आहे. आता भेट झाली तर ती सुखापेक्षा दुःखाचीच व्हायची, असेही त्यात होते. गुरुजींनी ते शब्द तसेच म्हटले आणि गप्प बसले. येथे मी दिवा हळूहळू उतरवायचा होता. हात लवकर हलला नाही, आणि नंतर त्याबद्दल बोलणी खाल्ली.

असो. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये आपल्या सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा लिंकन याच गावात वकिली करत होता, हे मी गुरुजींना सांगितले. तेव्हापासून ते ‘सांगली’ हा शब्द बरोबर उच्चारतात.

आता मुख्य गोष्ट. मंगल कार्यालयाच्या अनामतीसाठी 70,000 रुपये काल बँकेत पाठवले आहेत, पोहोचल्याचे कळवावे; उरलेली रक्कम मार्चअखेर पाठवतो. चिमीच्या लग्नाला मात्र माझे येणे होईल असे दिसत नाही. एकदा बाहेर पडलो की व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यावा लागेल, मुलाखतीची तारीख मिळत नाही, आणि मे महिन्यात कचेरीत कामाची गडबड आहे. यात नाटकाचा काही संबंध नाही, तो तुम्ही जोडू नये. तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळीही मी असेच काहीतरी कळवले होते, हे मला आठवते. चिमीला मी स्वतः फोन करीन. तोवर तिला काही सांगू नये. मिरजेच्या स्थळाचा फोटो मिळाला. मुलगी चांगली दिसते, पण तिकडच्यांना माझ्या भरवशावर थांबवू नये.

लग्नाच्या आवराआवरीत माळ्यावरची तुमची रंगपेटी कोणाला देऊन टाकू नका.

तुमचा,
बाळू