फोनवर रीमा लागूंचं नाव घेतलं, त्याबद्दल

पुणे
रविवार, दुपार

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास. हल्लीचे फोन आपटता येत नाहीत हे मला कळतं, पण मला इथे आवाज आला. मी एवढंच म्हणाले होते, "अगं, रीमा लागूसुद्धा तिशीतच आई झाल्या होत्या." तू म्हणालीस, "आई, आता तूपण?" आणि संपलं. बाबांनी आतून विचारलं काय झालं, मी म्हटलं रेंज गेली.

रात्री ओटा पुसताना लक्षात आलं की मी तुला धीर दिलाच नव्हता. बँकेत काउंटरवर कुणी तासभर ताटकळून चिडला की आमचे हेडक्लार्क म्हणायचे, "अहो, मागचे पण थांबलेच आहेत की." त्याने कुणाचा राग गेलेला मी कधी पाहिला नाही. मी काल तेच केलं, आणि वर एका मोठ्या नटीचं नाव त्यासाठी वापरलं. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहिते आहे. अक्षर वाचता आलं नाही तर बाबांना विचार, त्यांना सवय आहे.

तुझी तक्रार काय आहे ते मला नीट कळलंय की नाही, आधी ते सांगते. तुझ्या मालिकेत वीस वर्षांचा लीप येतो आहे, म्हणजे गोष्ट एकदम वीस वर्षं पुढे जाणार. आज तू जाऊ आहेस, लीपनंतर नायिकेची आई होणार. तू चौतीस, ती मुलगी सव्वीस. लूक टेस्टला तुझ्या कानाजवळ पांढरा पट्टा मारला आणि मेकअपदादा म्हणाला, "मस्त दिसतंय ताई." हे शेवटचं तुला सगळ्यात जास्त लागलं. मलाही लागलं असतं.

आकडेमोडीत माझं आयुष्य गेलं, तेव्हा रीमाबाईंचा हिशेबही मांडते. त्यांचा जन्म २१ जून १९५८ चा. 'कयामत से कयामत तक' आला १९८८ मध्ये, तेव्हा त्या अजून तिशीच्या आत होत्या आणि पडद्यावर वीस वर्षांच्या जुही चावलाची आई. पुढच्या वर्षी 'मैंने प्यार किया'. सलमान त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान. १९९४ मध्ये माधुरीची आई, अंतर नऊ वर्षांचं. आणि १९९९ चा 'वास्तव' घे. संजय दत्त त्यांच्याहून फक्त तेरा महिन्यांनी लहान. तेरा महिने! आपल्या वाड्यात पाठोपाठच्या भावंडांत एवढं अंतर असायचं. तो चाळिशीत चाळीतला उनाड पोरगा म्हणून खपला आणि त्या त्याची आई झाल्या. हे काही त्यांच्यापासून सुरू झालं असंही नाही. 'जॉनी मेरा नाम'मध्ये सुलोचनाबाई देव आनंदच्या आई होत्या, आणि देव आनंद त्यांच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी मोठे होते. मुलगा आईपेक्षा मोठा! बँकेत असा केवायसी आला असता तर आम्ही परत पाठवला असता.

तर हा अन्याय आहे. काल मी हे म्हणाले नाही. नायक म्हातारा होत नाही आणि नायिका एका लीपमध्ये होते, याला दुसरा शब्द नाही. रीमाबाईंचं उदाहरण देऊन तो न्याय होत नाही.

पण रात्री मी त्यांच्याबद्दल आणखी जे आठवत बसले, ते तुला सांगायचं आहे.

त्यांचं मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या नावाजलेल्या नटी. शाळा हुजूरपागा, म्हणजे माझीच. मी लहान वर्गात होते तेव्हा त्या वरच्या वर्गात असणार. मला मात्र काही आठवत नाही. आठवतं असं सांगायला किती आवडलं असतं, पण नाही आठवत.

पुढे मुंबईत त्या युनियन बँकेत नोकरीला लागल्या आणि सुमारे दहा वर्षं ती नोकरी केली. विवेक लागू त्यांना तिथेच भेटले. तेव्हा बँकांना नाटकवेडी माणसं हवी असायची, त्यांच्या आपापसात स्पर्धा असत. आमच्याकडेही एकांकिका बसायच्या, तुला तो फोटो माहीत आहे, मी नऊवारीत आणि मागे कॅशियर जोशी दाढी लावून. पुढे माझी बदली झाली, मग तू झालीस, नाटक राहिलं. तुला दोष देत नाही. बदलीला देते.

रीमाबाईंनी नोकरी आणि तालीम दोन्ही धरून ठेवलं. १९७९ मध्ये जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये त्या दिसल्या, मग 'आक्रोश', 'कलयुग'. छोटी छोटी कामं. पण त्याच सुमाराला रंगमंचावर काय चाललं होतं ते बघ. जयवंत दळवींच्या 'पुरुष'मध्ये त्या अंबिका. समोर नाना पाटेकर, गुलाबराव. अत्याचार झालेली शिक्षिका, आणि शेवटी हिशोब चुकता करणारी. ते नाटक बघून बाहेर पडलेले पुरुष पार्किंगमध्ये एकमेकांशी बोलत नव्हते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझे बाबा घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, आणि ते किती बोलतात तुला माहीत आहे.

मग 'सविता दामोदर परांजपे'. शेखर ताम्हाणेंचं. ते मी बालगंधर्वला पाहिलं, तू व्हायच्या आधी. एक साधी संसारी बाई, कुसुम, आणि तिच्या आत दुसरीच कुणीतरी बाई. मला गोष्ट आता पुसट आठवते. आवाज आठवतो. त्याच साडीत, त्याच जागी बसलेली बाई एका वाक्यात दुसरी झाली, आणि माझ्या शेजारच्या बाईंनी माझाच हात धरला. ना आमची ओळख ना देख. मध्यंतरात त्यांनी मला वडा दिला.

सायली, हे सगळं 'कयामत'च्या आधीचं आहे. म्हणजे हिंदीवाल्यांनी त्यांना आई म्हणून हाक मारली तेव्हा मराठी प्रेक्षकाला ठाऊक होतं की ही बाई काय काय करू शकते. मला वाटतं, त्यांच्या आईत जे वेगळं होतं ते तिथूनच आलं. त्याआधीची हिंदी आई तू पाहिली आहेस. पांढरी साडी, शिवणयंत्र, खोकला, आणि मुलगा येईपर्यंत देवासमोर हात जोडून उभी. रीमाबाईंची आई हसते. रंगीत साडी नेसते, मुलाची खोड काढते, त्याच्या प्रेमात त्याच्या बाजूने उभी राहते. आणि 'वास्तव'मध्ये ती त्याच हातांनी पिस्तूल धरते. तो शेवट मी एकदाच पाहिला. दुसऱ्यांदा टीव्हीवर लागला तेव्हा मी उठून कुकर लावायला गेले.

आता १९९४ कडे परत ये, कारण ते साल मला फार आवडतं. ऑगस्टमध्ये 'हम आपके हैं कौन' लागला. त्यात त्या माधुरीची आणि रेणुका शहाणेची आई. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झालं. त्यात त्या कोकी कुलकर्णी, आणि शेजारचा दिलरुबा त्यांच्यावर लट्टू. नवरा केशव, म्हणजे जतीन कनाकिया, तो त्या शेजाऱ्याच्या बायकोवर लट्टू. वय तेच, चेहरा तोच, बाई तीच. थिएटरात गेलीस तर विहीणबाई, घरी येऊन टीव्ही लावलास तर जिच्यासाठी शेजारी उसासे टाकतो ती. शिवाय 'तू तू मैं मैं' मध्ये सुप्रियाची सासू, आणि ती सासू इतकी खोडकर की आमच्या बँकेतल्या सुना डबा खाताना तिचीच बाजू घ्यायच्या. तू तेव्हा लहान होतीस, कोकीची नक्कल करायचीस. आठवतं? बाबांना 'केशव' म्हणून हाक मारायचीस आणि मार खायचीस.

तेव्हा मी काल जे म्हणाले ते असं म्हणायला हवं होतं: त्या तिशीत आई झाल्या, पण फक्त आई कधीच नव्हत्या. हिंदी सिनेमाने त्यांना एका खोलीत बसवलं, त्यांच्याकडे घरात बाकीच्या खोल्या होत्या.

आणि इथे मला तुझ्याशी भांडायचं आहे.

काल सगळं रडगाणं झाल्यावर अगदी शेवटी, जाता जाता, तू म्हणालीस, "आणि नाटक तर सोडावंच लागेल, चॅनेल तारखा देत नाही." पांढऱ्या पट्ट्यावर तू वीस मिनिटं बोललीस आणि नाटकावर एक वाक्य. मला उलटं वाटतं. पट्टा रात्री धुतला जातो.

आईची भूमिका घे किंवा नको घेऊस. तुझं घरभाडं मला माहीत आहे, मालाडचा तो एक खोलीचा फ्लॅट आणि नव्वद दिवसांनी येणारा चेक, तेव्हा 'तत्त्व म्हणून सोड' असं मी इथे पुण्यात बसून म्हणणार नाही. ते म्हणायला काय जातं. पण हो म्हणायच्या आधी स्क्रिप्टवाल्यांना विचार की ह्या आईला स्वतःचं काही आहे का. तिचं काम, तिचा राग, तिची एखादी मैत्रीण. की ती दारात पूजेचं ताट घेऊन उभी, आणि क्लोजअप फक्त मुलीच्या लग्नाच्या बातमीला? असली आई असेल तर ते फर्निचर आहे, आणि फर्निचरचे पैसे जास्त माग. हे मी चेष्टेने लिहीत नाहीये.

आणि नाटकाच्या तारखा करारात घालून घे. तोंडी नको. "बघू, ॲडजस्ट करू" याला काही किंमत नाही, सही आणि शिक्का लागतो. महिन्याचे चार दिवस. नाही म्हणाले तर तीन. लीपनंतर आई बदलायची म्हणजे त्यांनाही नवीन चेहरा शोधायचा, लोकांना पटवायचा, प्रोमो करायचे. तुझीही थोडी गरज आहे त्यांना. तू ते विसरतेस, लहानपणापासून. भातुकलीतसुद्धा तू कायम पाहुणी व्हायचीस.

बक्षिसाचं म्हणशील तर, रीमाबाईंना फिल्मफेअरचं नामांकन चारदा मिळालं. बाहुली एकदाही नाही. 'मैंने प्यार किया'लाही नाही, 'वास्तव'लाही नाही. हे वाचून तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, मलाच राग येतो म्हणून लिहिते.

त्या गेल्या तो दिवस मला आठवतो, १८ मे २०१७. एकोणसाठी पूर्ण व्हायला महिना होता. आदल्या दिवशीपर्यंत मालिकेचं शूटिंग करत होत्या, 'नामकरण'चं. सकाळी बातमी आली तेव्हा मी तुला फोन केला आणि तू ऑडिशनच्या रांगेत होतीस, म्हणालीस, "आई, इथे सगळ्या रडतायत, रिसेप्शनवाली पण." त्या मालिकेत त्यांची दयावंती म्हणजे पक्की कारस्थानी आजी. इतकी वर्षं सगळ्या देशाची गोड आई झाल्यावर शेवटी ही. मी ती बघायचे आणि मला मजा यायची. इतका दुष्टपणा इतकी वर्षं कुठे ठेवला होता बाईंनी, असं वाटायचं. मग आठवलं, बालगंधर्वला पाहिला होता की.

त्यांची मुलगी मृण्मयी पुढे सिनेमा लिहू लागली. 'थप्पड'च्या लेखनात तिचं नाव आहे. तो आपण दोघींनी मिळून पाहिला होता, सिटीप्राईडला, लॉकडाऊनच्या अगदी आधी. त्यातली आई कशी होती आठव. तिला स्वतःचं होतं काहीतरी.

बरं. बाबांचा गुडघा आता बरा आहे, पण जिन्याला अजून कठडा धरतात. त्यांना वाटतं मला दिसत नाही. कुंडीतली जास्वंद गेली, तुझ्या मोगऱ्याला मात्र कळ्या आल्यात.

चौदा तारखेचा प्रयोग शिवाजी मंदिरलाच आहे ना? दुपारचा असेल तर आम्ही सकाळच्या डेक्कन क्वीनने येतो. दोन तिकिटं ठेव, मधल्या रांगेतली नकोत, कडेची दे, बाबांना पाय लांब करायला लागतो.

तुझी
आई