गोव्याला निघण्याआधी हे वाच

प्रिय नाना,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी केळीच्या मळ्यात होतो, नीट बोलणं झालं नाही. मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर ब्लॅकजॅक खेळणार म्हणालास, आणि वर, "आपण आखाजीला पत्ते कुटत वाढलो भो, आपल्याला कोण शिकवणार?" हे पत्र लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

पारावरच्या तीन पत्तीत तू जिंकतोस, कारण तुला समोरच्याचा चेहरा वाचता येतो. कोण घाबरलाय, कोण उगाच चाल वाढवतोय, ते तू ओळखतोस. ब्लॅकजॅकमध्ये आपल्या पानांची बेरीज कॅसिनोकडून पानं वाटणाऱ्या डीलरपेक्षा जास्त करायची, पण २१ च्या वर गेलं की फुटलो; तिथे वाचायला चेहराच नाही. डीलरला स्वतःची मर्जी नसते. १६ किंवा त्याहून कमी असेल तर त्याला पान घ्यावंच लागतं, १७ झाले की थांबावं लागतं. एक्का १ किंवा ११ मोजता येतो; काही टेबलांवर तो ११ धरून झालेल्या १७ वर डीलर आणखी एक पान घेतो, एवढाच फरक. डीलर असा नियमाला बांधलेला असल्यामुळेच आपली प्रत्येक चाल आधी गणितानं काढता येते. अमेरिकी लष्करातल्या चौघांनी साध्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हे गणित मांडून १९५६ मध्ये छापलं. त्यालाच बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात.

तिचा गाभा एवढाच, की आपल्या पानांइतकंच डीलरच्या उघड्या पानाकडे बघायचं. १३ प्रकारच्या पानांत दश्शी, गुलाम, राणी, राजा हे चार १० मोजतात, म्हणजे १० च सगळ्यात जास्त वेळा येतात. म्हणून डीलरपुढे दुर्री ते छक्की असेल तर तो अडचणीत असतो. छक्कीवर तो शंभरात साधारण ४२ वेळा २१ च्या वर जातो. अशा वेळी तुझे एक्का ११ न धरता १३ ते १६ असतील तर हात लावू नकोस, त्यालाच फुटू दे. १२ असतील तर त्याच्या दुर्री-तिर्रीवर मात्र एक पान घे.

डीलरपुढे सत्ती किंवा वरचं पान असेल तर १७ होईपर्यंत घेत राहा. माझी चूक इथेच व्हायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा १६ वर दर वेळी गप्प बसलो, कारण फुटायची भीती वाटायची. भीती खरीच आहे, १६ वर पान घेतलं तर १३ पैकी ८ प्रकारची पानं आपल्याला फोडतात. पण सत्तीसमोर बसून राहिलं तर त्याहून जास्त जातं. डाव वाईटच आहे रे, आपण फक्त कमी वाईट वाट निवडतो. हे मनाला पटायला मला पूर्ण पावसाळा लागला, रोज रात्री ओट्यावर एकट्यानं पानं वाटून.

दोन एक्के किंवा दोन अठ्ठ्या आल्या की जोडी फोडून दोन डाव कर. दश्शीची जोडी कधी फोडू नकोस, २० हातात आहेत. ११ झाले आणि डीलरकडे एक्का नसेल तर रक्कम दुप्पट कर.

डीलरचं उघडं पान एक्का असलं की इन्शुरन्स विचारतील, म्हणजे त्याच्या झाकलेल्या पानावर १० निघेल अशी वेगळी पैज. नाही म्हण. त्यात दुप्पट मिळतात, पण खाली १० मोजणारं पान असण्याची शक्यता १३ त ४ च, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी.

आणि बसण्याआधी टेबलावर काय छापलंय ते बघ. ब्लॅकजॅकला, म्हणजे पहिल्या दोनच पानांत एक्का आणि १० मोजणारं पान आलं तर, ३ ला २ हवं, म्हणजे १००० ला १५००. ६ ला ५ असेल तर १२०० च मिळतात. अशा टेबलावर बसूच नकोस, बाकी सगळं बरोबर खेळलास तरी तिथेच मार खाशील.

हे सगळं पाळलं तरी कॅसिनो अर्ध्या टक्क्याच्या आसपास पुढेच राहतो. १००० च्या डावाला सरासरी ५ रुपये त्याचे. नाना, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण गेल्या आखाजीला हरल्यावर तू रक्कम वाढवत गेलास ते मी पाहिलंय, आणि वहिनींचा चेहराही पाहिलाय. दहा डाव हरलास म्हणून अकरावा तुझा होत नाही. मोजून पैसे ने, बाकीचे घरी ठेव.

पुठ्ठ्यावर तक्ता लिहून ठेवलाय. थंडी पडली की बामणोदची वांगी आणतो, भरीत आणि कळण्याची भाकरी करू. जेवण झालं की ओट्यावर बस माझ्यासमोर. मी डीलर होतो, तू दोनशे डाव खेळ, मग गोव्याचं तिकीट काढ.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा