'परप्रांतीय कामगार' एवढेच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात आमच्या समोरच्या बांधकामावर एक कामगार परांचीवरून पडून गेला. संध्याकाळपर्यंत वाळूच्या ढिगाशेजारी त्याच्या चपला आणि जेवणाचा डबा तसाच होता. डबा उघडलेलाही नव्हता. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी आल्या: 'परप्रांतीय कामगाराचा पडून मृत्यू'. नाव नाही, वय नाही, गाव नाही. मृतदेह न्यायला आलेल्या भावाला मराठी येत नव्हते, म्हणून कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावरील मुलाने ती बातमी त्याला वाचून दाखवली. भावाने विचारले, "इसमें भैया का नाम कहाँ है?" गेलेला कामगार दोन वर्षे याच गाड्यावर रोज चहा-पाव खायचा. त्याचे नाव तिथे सगळ्यांना माहीत होते.

मला जून २०२३ आठवला. १४ जूनला ग्रीसजवळच्या समुद्रात स्थलांतरितांनी खचाखच भरलेली मासेमारी बोट उलटली. तिच्यावर साडेसातशेच्या आसपास माणसे असल्याचा अंदाज होता, वाचली १०४. चारच दिवसांनी टायटॅनिकचे अवशेष पाहायला गेलेली 'टायटन' पाणबुडी पाच जणांसह बेपत्ता झाली आणि वाहिन्यांवर प्राणवायू किती तास पुरेल याची मोजणी सुरू झाली. मीही रात्री उठून पाहत होते. त्या पाचांची नावे, घरची माणसे, आवडीनिवडी कळत गेल्या आणि माझा जीव टांगणीला लागला. बोटीवरच्या एकाचेही नाव मला आजही ठाऊक नाही. हा भेद देशावरून झाला म्हणावे, तर तसेही नाही. पाणबुडीत पाकिस्तानी वंशाचे बापलेक होते आणि बोटीवर पाकिस्तानातलेच शेकडो तरुण.

आपल्याकडे काणकोणला ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण दगावले. एकदम एवढे गेले म्हणून पानेच्या पाने भरली. त्या इमारतीचे नाव अजून गोव्यात लोकांच्या तोंडी आहे. गेलेल्यांपैकी एकाचे तरी आहे का? एकेकटा मरतो त्याची तर चार ओळींतच बोळवण होते.

वार्ताहराला दिवसात दहा ठिकाणी धावावे लागते, हे मी जाणते. अग्रलेख मागत नाही. घरच्यांना कळल्याची खात्री झाली की नाव, वय आणि गाव तेवढे छापा. पोलिसांच्या पत्रकात नसेल, तर जवळच्या चहाच्या गाड्यावर विचारा.

– एक वाचक, कुर्टी, फोंडा