बाबांचं ताट राखणाऱ्या आहारतज्ज्ञ ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

गाऊटने, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड वाढून होणाऱ्या संधिवाताने, बाबांच्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला, त्यावर चादरही सोसवेना, तेव्हा फोंड्यातल्या आमच्या घरी येणारा प्रत्येक जण एकेक पदार्थ बंद करायला सांगून जात होता. तूरडाळ नको, पालक नको, दही नको. तुमच्याकडे आलो तोवर बाबांना जेवायचीच धास्ती बसली होती.

तुम्ही आधी रिपोर्ट पाहिले, मग गोळ्या पाहिल्या. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, त्यानेही युरिक ॲसिड वाढतं, हे तुमच्याच लक्षात आलं. गोळी आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांच्या कानावर घाला, असंही बजावलंत.

प्युरिन म्हणजे अन्नात आणि शरीरात असणारा, मोडला की युरिक ॲसिड बनणारा घटक. कमी प्युरिनचा आहार गाऊट असलेल्यांना किंवा युरिक ॲसिडचे मुतखडे होणाऱ्यांना सांगतात, नुसता आकडा थोडा वर दिसला म्हणून कुणाचं ताट रिकामं करत नाहीत, हे तुम्ही किती शांतपणे समजावलंत! रक्तातलं युरिक ॲसिडचं प्रमाण डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं की सांध्यात स्फटिक साचू शकतात. पण बरंचसं प्युरिन शरीरात आपोआपच तयार होतं, म्हणून पथ्याने आकडा थोडाच उतरतो आणि डॉक्टरांचं औषध सोडायचं नसतं.

मग आलात मासळीवर. गोव्याच्या माणसाला 'मासे बंद' म्हणणं सोपं, पाळणं कठीण, हे तुम्ही ओळखलंत. तारले, बांगडे, शिनाणे (शिंपल्यांचा एक प्रकार) आणि कलेजी बाजूला, बिअर पूर्ण बंद. दुखणं शमल्यावर दुसऱ्या माशाचा एखादा तुकडा, तोही कधीतरी. प्युरिन पाण्यात उतरतं, त्यामुळे तुकडा न खाता हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) रस भातावर ओतून काही साधत नाही, हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. उलट डाळ, पालक, अळंबी यांनी गाऊटचा धोका वाढत नाही आणि साय काढलेलं दूध-दही चांगलंच, हे ऐकून आईचा चेहरा खुलला. भरपूर पाणी प्या, गोड सरबतं टाळा आणि वजन हळूहळू उतरवा, उपास करून नको, हेही सांगितलंत.

बाबा आता पोटभर आणि निर्धास्त जेवतात. त्यासाठी मनापासून आभार. चवथीला घरी या, आईच्या हातचं खतखतं खायला.

तुमची कृतज्ञ,
तुमच्या पेशंट काकांची मुलगी