एसटीतल्या त्या ताईंचे आणि कंडक्टरदादांचे आभार
रविवारी सातारा-स्वारगेट एसटीत माझ्या मुलाला फिट आली. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूला अगदी लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होतो), फिट नवी नाही. तरी भरल्या गाडीत माझे हातपाय गळाले. कोणी कांदा शोधू लागलं, कोणी चप्पल पुढे केली (चप्पल हुंगवणारे अजून आहेतच!). मागच्या सीटवरच्या एक ताई उठल्या. "तोंडात काही घालू नका," म्हणत त्यांनी त्याला कुशीवर वळवलं, कॉलरचं बटण सोडलं, ओढणीची घडी डोक्याखाली सरकवली आणि घड्याळाकडे नजर लावली. पाच मिनिटांच्या वर गेलं तर १०८ ला फोन करा, असं कंडक्टरदादांना बजावलं. झटके त्याआधीच थांबले. दादांनी शिरवळला गाडी उभी केली आणि त्याची ओली चड्डी बदलेपर्यंत पाठ करून आडोसा धरला. लाळेनं भिजलेली ओढणी ताईंनी तशीच पिशवीत कोंबली. ताई, दादा, मनापासून आभार. लेक आता बरा आहे, डॉक्टरांनी औषध थोडं वाढवलंय.