‘सिल्व्हरचेअर’ची अर्धीच ओळख

महोदय,

ऑस्ट्रेलियातील ‘सिल्व्हरचेअर’ या रॉक बँडचा उल्लेख आपल्याकडे झालाच, तर तो ‘शाळकरी मुलांचा बँड’ एवढ्यावरच आटोपतो, हे खटकते. न्यूकॅसल या कोळशाच्या बंदरातील डॅनियल जॉन्स, बेन गिलीज व ख्रिस जोआनू यांचा ‘फ्रॉगस्टॉम्प’ हा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला तेव्हा तिघेही जेमतेम पंधरा वर्षांचे होते, हे खरेच. परंतु कर्कश गिटारसाठी ओळखल्या जाणाऱ्या याच मुलांनी २००२ च्या ‘डायोरामा’ या अल्बममध्ये अमेरिकी संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स यांच्या वाद्यवृंदरचनांची साथ घेऊन जे धाडस केले, ते मला अधिक मोलाचे वाटते. (सांधेदुखीने जॉन्स तेव्हा पुरते जेरीस आले होते.) पाचही अल्बम मायदेशी अव्वल ठरलेल्या या बँडने २०११ मध्ये बेमुदत विश्रांती जाहीर केली.

– एक वाचक, पुणे