वॉरंटी नाकारता, तर लेखी द्या

मा. संपादक,

कालच्या अंकातला गाड्यांच्या वॉरंटीवरचा लेख वाचला. ‘ग्राहकांनी वॉरंटीची पुस्तिका नीट वाचावी’ हा सल्ला वाचून वाईट वाटलं. मी ती वाचली होती. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरं वॉरंटीत येत नाहीत, हे मला माहीत होतं. स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, त्या यादीत नव्हता.

गाडी २ वर्षं ४ महिन्यांची, रनिंग ३१ हजार. वळताना खडखड येऊ लागली म्हणून शोरूमच्या वर्कशॉपला नेली. रॅकच्या रबरी बुटाला, म्हणजे धूळ-पाणी आत जाऊ न देणाऱ्या आवरणाला, बोटाएवढी चीर होती, आतलं ग्रीस मातीनं काळं झालेलं. वर्कशॉपवाले म्हणाले, ‘बाहेरून मार लागलाय, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.’ खर्च २८,४०० रुपये. घरी येऊन जुने कागद काढले. तीनच महिन्यांपूर्वी तिथेच सर्व्हिसिंग झालं होतं आणि चेकलिस्टवर त्याच बुटापुढे ‘ओके’ची खूण होती. तो कागद पुढे ठेवून म्हटलं, नकाराचं कारण लेखी द्या. तशी पद्धत नाही म्हणाले. दोन दिवसांनी फोन आला, ‘गुडविलमध्ये निम्मं करून देतो’, म्हणजे सवलत म्हणून निम्मा खर्च सोडतो.

मार माझ्याकडून लागला असेल तर निम्मं तरी कशाला? आणि पार्टच खराब असेल तर पूर्ण का नाही?

वॉरंटी कंपनीची, पण बिघाड कशानं झाला हे आधी डीलर लिहितो. फोटो आणि शेरा कंपनीकडे जातो, त्यावर मंजुरी ठरते. क्लेम फेटाळला गेला तर खर्च डीलरच्या अंगावर येतो, म्हणून शंका आली की आधी ग्राहकालाच नाही म्हणतात. तो शेरा आपल्याला कधीच दाखवत नाहीत. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. लेखात यातलं काहीच नाही. पण आयोगापुढे कागद लागतो, आणि नकार तर तोंडी! नकाराचं कारण जॉब कार्डवर (गाडीच्या कामाची नोंद असलेल्या कागदावर) सहीनिशी लिहून देणं सक्तीचं करा, एवढीच माझी मागणी आहे.

मुलगी त्याच गाडीनं रोज घाटातून येते, म्हणून निम्मे पैसे भरले. बिलात न विचारता ‘इंजिन ट्रीटमेंट’ लावलं होतं, ते भांडून काढायला लावलं. चावी देताना तिथला मुलगा म्हणाला, ‘काका, कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या, नाहीतर आमचा इन्सेंटिव्ह कापतात.’ त्याच्यावर माझा राग नाही. मी चार दिले आणि का दिले तेही फोनवर सांगितलं.

– एक वाचक, सातारा